दोन बोटांची चिंधी

आमच्या शाळेच्या या वार्षिकात आम्ही बहुधा एखाद्या किल्ल्यावर, एखाद्या थोर पुरुषावर किंवा मुलांच्या सहलीवर लिहीत आलो आहो. यंदा संपादक-मंडळातील विद्यार्थी लेख मागावयास आले, तेव्हा आम्ही त्यांस सांगितले की, या वर्षीचा विषय फारच लहान आहे. लांबीने दोन बोटे आणि रुंदीने एक बोट. मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. तो विषय म्हणजे कापडाची एक चिंधी होय. तिने आमच्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या पदवीधरास, वीस वर्षे फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकास, भर रस्त्यात खोटे पाडले. ही हकीकत सांगण्यात आमचा काही मोठेपणा नाही. परंतु जी चूक चार लोकांदेखत झाली, ती चार लोकांदेखतच कबूल करावी, एवढ्याच हेतूने आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

मोहोळ हे पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे गाव. पंढरपुराकडे जाणारी वाटही येथूनच फुटते. रात्रंदिवस मालमोटारी, एस. टी. गाड्या आणि हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा यांची येथे वर्दळ असते. सोलापूरच्या वाटेवर पाकणी येथे तर तेलाचे मोठमोठे साठेच आहेत. तेव्हा पेट्रोल, पंप आणि मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री यांची आमच्याकडे वाण नाही. असे असता आम्ही स्वतःच मिस्त्री होण्याच्या भरीस का पडलो, हा प्रश्न आमच्या घरी अद्याप विचारला जातो.

आमची मोटार लहान, जुनी आणि दुसऱ्याकडून घेतलेली आहे. तिचे नाव येथे सांगत नाही. कारण दोष आमचा असता तिच्या नावाला डाग लावणे बरे नव्हे. गेल्या दिवाळीच्या सुटीत घरातील मंडळींनी तक्रार केली, "अहो, ओसरीपर्यंत पेट्रोलचा वास येतो. एकदा मिस्त्रीला दाखवा." मिस्त्रीने गाडीखाली वाकून पाहिले व निदान केले. ज्या तोंडातून पेट्रोल भरतात तेथून टाकीपर्यंत जाणारी रबरी नळी भेगाळली होती. रबर म्हातारे झाले होते. शिवाय आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. आमच्या जिल्ह्यासारख्या ऊसकरी मुलखात ते मोठ्या प्रमाणावर तयार होते. जुन्या मोटारींच्या काही रबरी भागांस ते मानवत नाही व ते भाग लवकर बदलावे लागतात, असे जाणकार म्हणतात. आमच्या नळीच्या भेगा वयाच्या की इथेनॉलाच्या, या वादात आम्ही शिरलो नाही. नळी बदलावयास हवी होती, एवढे खरे.

मिस्त्रीच्या हाताशी कामे पुष्कळ होती. गाडी दोन दिवस ठेवावी लागेल, असे तो म्हणाला. आम्ही मनात म्हटले, दोन नळ्या आणि चार क्लिपा; यात दोन दिवस कसले? सोलापुरास जाऊन पेट्रोलासाठीच केलेली रबरी नळी आणली. पाण्याची साधी नळी पेट्रोलाने फुगते व विरते, एवढे आम्हास ठाऊक होते. टाकी जवळजवळ रिकामी होऊ दिली. गाडी मोकळ्या अंगणात घेतली, बॅटरीची तार सोडली, आणि घरातील चूल, उदबत्ती, सर्व काही बंद ठेवावयास सांगितले. ही सर्व काळजी आम्ही घेतली. इतकी काळजी घेतल्यावर आपल्या हातून चूक होईल अशी शंकाही मनास शिवली नाही, आणि येथेच खरे पाणी मुरले.

मदतीस आमच्या आळीतील नववीचा एक विद्यार्थी होता. जुन्या नळ्या काढल्यावर त्याने पाहिले की, टाकीकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. एक अंगठ्याच्या दुप्पट जाड आणि दुसरी करंगळीएवढी बारीक. दोन्ही टाकीपासून निघून भरावयाच्या तोंडापाशी येऊन मिळतात. त्याने विचारले, "सर, पेट्रोल जायला ही जाड नळी आहे, मग ही बारीक कशाला?"

आम्ही गाडीखाली उताणे पडलो होतो. डोळ्यांत माती येत होती. आम्ही म्हणालो, "आधी काम, मग प्रश्न. तो पान्हा दे पाहू इकडे."

मुलगा गप्प झाला. हे आमचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वारा सुटला होता. धूळ टाकीत जाऊ नये म्हणून आम्ही जाड नळीच्या जागी एक फडके कोंबले आणि बारीक वाटेच्या तोंडी त्याच फडक्याची एक चिंधी फाडून बोटाने आत दाबून बसविली. नंतर नव्या नळ्या बसविल्या. जाड वाटेतील फडके मोठे, बाहेर लोंबणारे. ते आपोआप आठवले व काढले. चिंधी आत दिसेनाशी झाली होती. ती तशीच राहिली. तिच्यावरच आम्ही नवी बारीक नळी चढविली, क्लिप आवळली आणि हात पुसून उभे राहिलो. वास गेला. इंजिनास टाकीतून तेल ओढताना जी थोडी हवा आत यावी लागते, तिची वाट निराळी होती. त्यामुळे गाडी चालण्यात काही उणे पडले नाही. आम्ही आठवडाभर गावात ज्याला त्याला सांगत होतो की, हे काम आम्ही स्वतः केले.

पुढच्या सोमवारी आमच्या मातुःश्रींस मिरजेस न्यावयाचे होते. त्यांच्या डोळ्यावरील शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी ठरली होती, व सोमवारी दुपारच्या आत तेथे हजर राहावे असा निरोप होता. मिरज हे वैद्यकीचे गाव. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी तेथे रुग्णालय स्थापिले, आणि तेव्हापासून दूरदूरचे रोगी मिरजेची वाट चालत आले आहेत. मोहोळहून पंढरपूर, सांगोला करीत जावयाचे म्हणजे दीडशे किलोमीटरांहून अधिक मजल. आम्ही पहाटेच निघालो व गावातील एका पंपावर टाकी भरावयास थांबलो.

पंपावरच्या पोराने नोझल तोंडात घातले, खटका दाबला, आणि दोन-तीन क्षणांत 'खट्' असा आवाज होऊन पेट्रोल थांबले. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा 'खट्'. यंत्रावर अर्धा लिटरही दिसेना. तिसऱ्या वेळी त्याने नोझल जरा बाहेर घेऊन दाबले, तो आतून 'गुडगुड' असा आवाज आला आणि पेट्रोल उसळून त्याच्या हातावर व सदऱ्यावर आले. मागे मोटारसायकलींची रांग लागली होती. कोणी भोंगा वाजवीत होते. मातुःश्री मागच्या आसनावर पदर नाकाला लावून बसल्या होत्या. आमचा धीर सुटला.

"अरे, तुझे नोझल बिघडले आहे. दुसरे आण," आम्ही म्हणालो.

पोरगा हात पुसत म्हणाला, "न्हाई सर, नोझल बरुबर हाय. आत्ताच दोन गाड्या भरल्या की. तुमच्या टाकीचाच दम कोंडतोय बगा."

सतरा-अठरा वर्षांचे ते पोर. त्याने एका वाक्यात सर्व सांगून टाकले होते. आम्ही मात्र ते वाक्य ऐकले नाही. ऐकला तो केवळ प्रतिवाद. आम्ही म्हणालो, "आम्हाला शिकवतोस? ही टाकी आम्ही स्वतः नीट केली आहे." एवढ्यावर न थांबता आम्ही आत जाऊन व्यवस्थापकाकडे तक्रार केली. व्यवस्थापकाने पोराला सर्वांसमक्ष चार शब्द सुनावले. पोरगा खाली मान घालून उभा राहिला. आम्ही गाडी काढली. नाचता येईना, अंगण वाकडे. ही म्हण आम्ही किती वर्षे मुलांकडून वाक्यात योजून घेतली असेल! त्या सकाळी ती आम्हीच योजून दाखविली.

पंढरपूरच्या वाटेवर दुसरा पंप लागला. तेथेही तेच: खट्, गुडगुड, खट्. तेथल्या वयस्क गृहस्थाने काही न बोलता खटका अगदी हलका दाबून बारीक धारेने पेट्रोल सोडले, तेव्हा पाव तासात कसेबसे दहा लिटर आत गेले. दोन पंपांची दोन नोझले एकाच दिवशी एकाच रीतीने बिघडत नसतात, हे आता आम्हासही कळू लागले. परंतु कळणे निराळे आणि पत्करणे निराळे.

सांगोल्याच्या पुढे मातुःश्री सहज बोलल्या, "आठवतं का रे, बाटलीत रॉकेल ओतताना नरसाळं अंमळ उचलून धर, असं मी तुला सांगायची? नाही उचललं की सगळं वर यायचं."

आम्ही काही बोललो नाही. रॉकेलच्या बाटलीच्या तोंडात नरसाळे घट्ट बसले की, आतील हवेला बाहेर पडावयास वाट राहत नाही. मग तेल खाली उतरेना होते. विहिरीत घागर उपडी बुडविली तर ती भरत नाही. तिरपी केली की बुडबुडे निघतात आणि पाणी शिरते. गोड्या तेलाच्या डब्याला दुकानदार दोन भोके पाडतो. एक तेल येण्यास आणि एक हवा जाण्यास. हवा जागा व्यापते, हा धडा आम्ही दरवर्षी काचेचा पेला उपडा घालून शिकवतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एम्पेडोक्लीस नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याने पाणी उचलण्याच्या भांड्याशी खेळणाऱ्या एका मुलीचा दृष्टान्त दिला आहे. भांड्याचे वरचे तोंड हाताने दाबून ती ते पाण्यात बुडविते, तोवर आतील हवेमुळे पाणी आत शिरत नाही. हात काढताच हवा निघून जाते आणि पाणी शिरते. जे त्या मुलीस खेळता खेळता दिसले आणि आमच्या मातुःश्रींस स्वयंपाकघरात, ते आम्हास पदवी घेऊनही गाडीखाली दिसले नव्हते.

दुपारी वेळेवर पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर बसलो असता चिंतेने आम्ही एका परिचारिकेस नको नको ते प्रश्न विचारीत होतो. तिने मात्र एकाही प्रश्नास कंटाळा केला नाही. बोलता बोलता ती म्हणाली की, मोठ्या शस्त्रक्रियेत आत जाणारा कापडाचा प्रत्येक तुकडा आधी मोजून घेतात, आणि टाके घालण्यापूर्वी पुन्हा मोजतात. हिशेब जुळल्यावाचून जखम बंद करीत नाहीत.

'आत जाणारा कापडाचा तुकडा.' हे शब्द कानी पडताच आमच्या अंगावर काटा उभा राहिला. अंगण, वारा, धूळ, फाडलेले फडके आणि बोटाने आत दाबलेली चिंधी ही सर्व एकामागून एक डोळ्यांपुढे आली. आम्ही दोन तुकडे आत घातले होते आणि एकच बाहेर काढला होता. त्याबरोबरच खाली मान घालून उभा असलेला तो पोरगाही दिसला. आणि खरे सांगावयाचे तर चिंधीपेक्षा त्यानेच अधिक टोचले.

मातुःश्रींची शस्त्रक्रिया उत्तम झाली. दोन दिवसांनी आम्ही त्यांस घेऊन परतलो. गाडी निवू दिली, पूर्वीप्रमाणे सर्व काळजी घेतली आणि बारीक नळीची क्लिप सोडली. चिमट्याने ओढताच चिंधी बाहेर आली. पेट्रोलाने भिजून काळवंडलेली, दोन बोटांची. नववीचा तो विद्यार्थी शेजारी उभा होता. या वेळी आम्ही त्याला प्रथम प्रश्नाचे उत्तर दिले आणि मग पान्हा मागितला.

ते उत्तर इतर विद्यार्थ्यांसाठीही येथे देतो. पेट्रोल जाड नळीने टाकीत उतरते, तेव्हा टाकीतील तितकीच हवा बारीक नळीने वर निघून तोंडापाशी येते. ती वाट बुजली की हवेस जाड नळीतूनच, येणाऱ्या पेट्रोलास सारून वर यावे लागते. म्हणून ती गुडगुड, आणि म्हणून पेट्रोल तोंडापर्यंत उसळते. आता 'खट्' का होते? नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असते. तेथून एक अरुंद मार्ग मुठीतील पातळ पडद्यापर्यंत जातो. नोझलमधील अरुंद जागेतून पेट्रोल वेगाने धावते, तेव्हा तेथील दाब घटतो आणि भोकातून हवा ओढली जाते. पेट्रोल चढून ते भोक झाकले की हवा येणे थांबते, पडद्यावरील ओढ वाढते, पडदा सरकतो आणि खटका सुटतो. प्रवाह अरुंद जागेतून जाताना त्याचा वेग वाढतो व दाब घटतो. याविषयीचे आपले प्रयोग इटलीचे व्हेंतुरी यांनी १७९७ साली प्रसिद्ध केले. नोझल बिचारे आपले काम चोख करीत होते. पेट्रोल तोंडाशी आले, असे ते सांगत होते, आणि ते खरेच आले होते.

येथे दोन गोष्टी बजावून सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, विद्यार्थ्यांनी असले काम आपण होऊन करू नये. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. आमचे निभावले म्हणून सर्वांचे निभावेल असे नाही, आणि मिस्त्रीने मागितलेले दोन दिवस हे त्याच्या अनुभवाचे दोन दिवस होते. दुसरी गोष्ट पालकांसाठी: नोझलने एकदा 'खट्' केल्यावर, 'अजून थोडे बसेल' म्हणून आग्रहाने भरू नये. वरची जागा हवेसाठी व वाफेसाठी ठेवलेली असते.

असो. दुरुस्ती झाली, परंतु हिशेब अद्याप जुळला नव्हता. त्याच संध्याकाळी आम्ही चिंधी कागदात गुंडाळून पहिल्या पंपावर गेलो. पोरगा कामावर नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. त्या वेळीही मागे रांग होती, हे बरेच झाले. आम्ही व्यवस्थापकास बाहेर बोलाविले, चिंधी दाखविली आणि म्हणालो, "त्या दिवशी चूक आमची होती. या मुलाने खरे कारण तेथल्या तेथे सांगितले होते. आम्ही त्याचे ऐकले नाही, आणि वर त्याच्याविषयी खोटी तक्रार केली. आम्ही त्याची क्षमा मागतो." चौकशी करता कळले की, सांडलेल्या पेट्रोलाचे पैसे त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीतून वळते झाले होते. ते आम्ही भरून दिले. पैसे देणे सोपे होते. चाळीस-पन्नास डोळ्यांपुढे ते पहिले वाक्य उच्चारणे अवघड गेले.

पोरगा संकोचला. चिंधीकडे पाहून तो हसला आणि म्हणाला, "असू द्या सर. आता भरू का?"

त्याने नोझल घातले. पेट्रोल अखंड धारेने वाहू लागले. ना गुडगुड, ना उसळी. यंत्रावरचे आकडे चढत गेले, आणि टाकी भरल्यावर एकदाच, योग्य वेळी, 'खट्' झाले. तो आवाज आम्हास त्या दिवशी फार गोड वाटला.

ती चिंधी आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एका बाटलीत आहे. हवा जागा व्यापते, हा धडा आला की आम्ही ती मुलांस दाखवितो व सर्व हकीकत सांगतो. नववीतील त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नासह. कारण विचार करता आम्हास असे दिसून आले आहे की, ती बारीक वाट आम्ही त्या दिवशी दोनदा बुजविली होती. एकदा चिंधीने, आणि त्याच्या थोडे आधी, 'आधी काम, मग प्रश्न' या वाक्याने. त्या मुलास तेव्हाच उत्तर देऊ लागलो असतो, तर उत्तर देता देता आमच्याच तोंडून 'हवा' हा शब्द निघाला असता आणि हात चिंधीकडे गेला असता.

आम्ही शिक्षक आणि तुम्ही पालक, मुलांच्या डोक्यात पुष्कळ काही ओतण्याच्या घाईत असतो. आत काही उतरावयाचे असेल तर आतून काही बाहेर येण्यासही वाट लागते, आणि मुलांचा प्रश्न हीच ती करंगळीएवढी वाट होय. ती बुजविली तर ओतलेले सर्व उसळून ओतणाऱ्याच्याच अंगावर येते, आणि मग आम्ही म्हणतो, मुलगा मठ्ठ आहे. या वर्षापासून आमच्या वर्गात प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटे प्रश्नांसाठी राखलेली आहेत. पहिल्या आठवड्यात कोणी तोंड उघडीना. आता ती पाच मिनिटे पुरत नाहीत. पहिला प्रश्न कोणी विचारला, हे सांगण्याची आवश्यकता आहे असे आम्हास वाटत नाही.